सगळ्यांत हळू कोण?

तोंडात टाचण्या धरलेल्या असताना माणसाला भांडता येत नाही. कपडे दुरुस्त करण्याच्या धंद्यातली ही एवढी अडचण सोडली तर काकूंची त्या धंद्याविषयी काही तक्रार नव्हती. गल्लीतले लोक त्यांना टाचणीकाकू म्हणत, ते काही नुसत्या टाचण्यांमुळे नाही. जीभही त्याच मापाची होती. पण त्या दुपारी ग्रंथपालबाई नवी विजार आखूड करून घ्यायला आल्या आणि काकूंना आपल्या बंद तोंडाचा पहिल्यांदाच मनस्ताप झाला.

बाई लाकडी स्टुलावर उभ्या होत्या. काकू खाली गुडघ्यांवर बसून विजारीचा काठ दुमडत होत्या. विजार डोंगरात चालायला जाणारे घालतात तसली, भरपूर खिशांची.

"रविवारी आमच्या पायवाटेचा नवा टप्पा उघडतोय ना," बाई सांगत होत्या. "गावामागच्या जंगलातून टेकडीच्या माथ्यापर्यंत नेहमीच्या वाटेनं चढायचं आणि या नव्या टप्प्यावरून उतरायचं. सगळ्या गावाला आमंत्रण आहे. तुम्हीसुद्धा या, काकू."

"हं," काकू टाचण्यांमधून म्हणाल्या.

"मी पहिल्यांदा गेले तेव्हा गुडघा इतका दुखायचा, की वाटलं हे काही आपलं काम नाही. पण आमच्या गटात शेपूट असतं."

काकूंनी भुवया वर केल्या.

"म्हणजे सगळ्यांत पुढे वाट दाखवणारा, आणि सगळ्यांत मागे शेपूट. शेपटाच्या मागे कुणी राहायचं नाही असा नियम. जो सगळ्यांत हळू चालतो, त्याच्या सोबतीला शेपटानं राहायचं. आमचे शेपूटकाका म्हणजे ना, काय सांगू! मी थांबले की थांबतात. आणि थांबतात कसे, तर आपण आपल्याला हवं म्हणून थांबलोय असं दाखवून. कधी एखादं पान उलटंसुलटं करून बघतील, कधी बुटाची नाडी बांधायला बसतील. मला कधी ओशाळं वाटू दिलं नाही त्यांनी. इतका शांत माणूस मी पाहिला नाही."

काकूंना त्या अनोळखी शेपटाचं कौतुक वाटलं. असे नवरे असतात जगात, फक्त ते दुसऱ्यांना मिळतात, असं मनाशी म्हणत त्यांनी पुढची टाचणी ओठांतून काढली.

"आधी बसडेपोत होते म्हणे. वेळापत्रक बघायचे."

टाचणी हवेतच राहिली.

"आणि त्यांची ती हिरवी टोपी! कानाशी उसवली होती, ती आतून जांभळ्या दोऱ्यानं शिवलीय. मी म्हटलं, काका, हिरव्याला जांभळा? तर हसून म्हणाले, घरच्यांनी शिवलीय."

जांभळा दोरा काकूंनीच घातला होता, दर रविवारी फिरायला जाणाऱ्या आपल्या नवऱ्याच्या टोपीला. हिरवं रीळ संपलं होतं, आणि टोपीच्या आत कोण बघतंय, असा विचार करून त्यांनी हाताला येईल तो दोरा ओवला होता. आता कळलं की बघणारं माणूस होतं. आणि आपण कोण? तर घरचे!

"आई गं!" बाई स्टुलावर उडाल्या.

"हललात तुम्ही," काकू म्हणाल्या. बाईंनी तोंड उघडलं, जणू आणखी काही सांगायचं होतं, पण काकूंच्या हातातली दुसरी टाचणी बघून त्यांनी ते मिटलं. पोटरी चोळत त्या खाली उतरल्या आणि शनिवारी विजार न्यायला येईन म्हणून निघून गेल्या.

आता काकूंचा जळफळाट समजून घ्यायचा तर काका कसे चालत ते माहीत हवं. डेपोत त्यांचं नावच एक्स्प्रेस होतं. बस वेळेवर सुटो न सुटो, हे सुटलेले असत. लग्न झाल्यापासून तीसेक वर्षं काकूंनी रस्त्यावर नवरा पाहिला तो पाठमोरा. बाजारातून येताना हातात पिशव्या घेऊन काकू चौकात पोचत तेव्हा काका पुढच्या वळणावर उभे असत. थांबत नसत असं नाही. थांबत, पण काकू पोचेपर्यंतच. काकू पोचल्या रे पोचल्या की "चल" म्हणून हे पुढे. म्हणजे विसावा मिळायचा तो काकांना, काकूंच्या वाट्याला नुसतंच "चल". लेक झाली तेव्हा दवाखान्यातून घरी यायला निघाले, तर बाळाला घेऊन काका फाटकाबाहेर आणि बाळंतीण अजून जिन्यावर. ही गोष्ट काकू माहेरच्या प्रत्येक माणसाला सांगत, आणि दर वेळी त्यात जिन्याच्या पायऱ्या वाढत.

आणि हाच माणूस परक्या बाईसाठी पानं उलटीसुलटी करत थांबतो! काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांना नवऱ्यावर काही भलता संशय आला नाही, हे सांगितलं पाहिजे. काका त्या वळणाचे नव्हते आणि बाईही नव्हत्या. काकूंना हेवा वाटत होता तो थांबण्याचा. दागिने, लुगडी, सहली, यांतलं काही त्यांनी मागितलं नव्हतं. एकदा तरी या माणसानं मागे वळावं, सोबत चालावं, आपण दमलो तर तोही दमला असं खोटं का होईना म्हणावं, एवढंच हवं होतं. ते त्याच्यापाशी होतं. भरपूर होतं. दर रविवारी तो ते गावभर वाटत होता.

रात्री जेवताना काकूंनी पातेल्यातला डाव जरा जोरातच आपटला.

"शेपूट म्हणजे काय हो?"

काकांना ठसका लागला. "कुणी सांगितलं तुला?"

"गिऱ्हाइकानं. घरच्यांना बाहेरूनच कळायचं."

"अगं, त्यात सांगण्यासारखं काय आहे? गटात कामं वाटून घेतात, माझ्या वाट्याला ते आलं."

"बरं. मग या रविवारी मीपण येणार."

काकांनी घास ताटात ठेवला. "तू? तिथे चढ आहे बरं का. अवघड आहे."

"मला चढ झेपतो की नाही हे तुम्हाला काय ठाऊक? मागे वळून बघितलंय कधी?"

"बघायला वेळ कुठे देतेस! टाचेवर टाच देत येतेस. मागून कुणीतरी हाकत आणल्यासारखं वाटतं, म्हणून तर मी पळतो."

म्हणजे तीस वर्षांच्या फरफटीचा दोषही काकूंचाच! त्यांनी ताट उचललं आणि नळ मोठा सोडला.  काकांचा चेहरा चांगलाच उतरला होता. उतरणारच, काकूंनी मनात म्हटलं, चोरी पकडली गेली की उतरतोच.

विजार शिवताना काकूंच्या मनात पाप आलं. एक पाय बोटभर लांब ठेवावा, बाई अडखळतील, मग बघू या हे किती पानं बघतात ते. पण हातांनी ऐकलं नाही. दोन्ही पाय सारखे आले, टीप सरळ आली, आणि शनिवारी बाईंनी विजार घालून आरशात पाहिलं तर ती इतकी बेतशीर बसली होती की काकूंना स्वतःच्या हातांचा राग आला.

रविवारी सकाळी जंगलाच्या तोंडाशी निम्मं गाव लोटलं होतं. पोरांना खांद्यावर घेतलेले बाप, काठ्या टेकणारे म्हातारे, एकमेकांचे फोटो काढणाऱ्या मैत्रिणी, आणि सगळ्यांच्या पायांत येणारा एक कुत्रा. नगराध्यक्षांनी फीत कापली आणि भाषण केलं. ही वाट सगळ्यांची आहे, म्हणाले. इथे तिकीट नाही, फाटक नाही, साहेब नाही आणि शिपाई नाही; ज्याला पाय आहेत त्यानं यावं, आणि ज्याला नाहीत त्याच्यासाठी पहिला टप्पा चाकाच्या खुर्चीपुरता सपाट केलाय. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकूंनीही वाजवल्या. वाट सगळ्यांची, कबूल, नवरा नाही.

काकांनी नारिंगी जाकीट चढवलं आणि ते सगळ्यांच्या मागे जाऊन उभे राहिले. काकूंनी बेत ठरवूनच ठेवला होता. जो सगळ्यांत हळू, त्याच्या सोबतीला शेपूट. मग आज गावात आपल्याहून हळू कुणी असता कामा नये.

बेत सोपा होता, पण पायांना कोण सांगणार? तीस वर्षं एक्स्प्रेसच्या मागे धावलेले ते पाय. हळू चालणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. काकू मनात "हळू, हळू" म्हणत होत्या आणि खाली पाय आपले चालले होते भराभर. पोरांना घेतलेले बाप मागे पडले, मैत्रिणी मागे पडल्या, शाळेच्या खो-खोच्या पोरी मागे पडल्या. मान वर करून बघतात तो समोर वाट दाखवणारा तरुण धापा टाकत उभा.

"काकू, तुम्ही तर माझ्याही पुढे निघालात! वा!"

"वा काय वा," काकू खेकसल्या आणि वाटेच्या कडेला एका ओंडक्यावर फतकल मारून बसल्या.

मग सगळं गाव त्यांच्यासमोरून गेलं. वाटेवरची माणसं गावातल्यापेक्षा वेगळी वागतात, हे काकूंना तिथे कळलं. एरवी दुकानाच्या दारातून मान फिरवून जाणारा बँकेतला माणूस "काही लागलं का?" म्हणून थांबला. कुणी पाण्याची बाटली पुढे केली, एका चिमुरडीनं खिशातलं चेपलेलं बिस्किट दिलं. काकूंनी ते खाल्लंही. जंगलात खाल्लेल्या चेपक्या बिस्किटाला जी चव असते ती घरच्या डब्यातल्याला का नसते, असा एक प्रश्न त्यांना पडला, पण त्या रागावल्या होत्या, म्हणून त्यांनी तो सोडून दिला.

शेवटी नारिंगी जाकीट दिसलं. सोबत बाई, गुडघ्यावर हात ठेवून लंगडत.

"अगं, तू इथे?" काका म्हणाले. "काय झालं?"

"पाय मुरगळला."

"कुठला?"

"डावा."

तिघं निघाली. पंधरावीस पावलं गेल्यावर बाई हळूच म्हणाल्या, "काकू, तुम्ही उजव्या पायानं लंगडताय."

"दोन्ही दुखतायत," काकू म्हणाल्या.

त्यानंतर त्या चढावर जे झालं ते बघायला कुत्रासुद्धा नव्हता, ते बरंच झालं. बाई गुडघा धरून थांबल्या की काकू त्यांच्या आधी ओणव्या होत. काकूंनी "आई गं" म्हटलं की बाई "अगं बाई गं" म्हणत. काकू दगडावर टेकल्या की बाई त्याहून खालच्या दगडावर टेकत. सगळ्यांत हळू कोण, याची शर्यत लागली होती आणि दोघींपैकी एकही हरायला तयार नव्हती. काका मधे उभे राहून झाडाच्या सालीवर बोट फिरवत होते. चेहऱ्यावर कसं समाधान! दोन बायका आपल्यासाठी अडून बसल्यात म्हटल्यावर फुशारकी वाटत असेल, असा काकूंनी अर्थ लावला.

शेवटी काकाच म्हणाले, "अशानं चहा संपेल वरचा. तू हो बरं पुढे. तुला काही झालेलं नाही. तुझी चाल मला माहीत नाही का? गावात कुणी तुला मागे टाकून दाखवावं! यांचा गुडघा खरा दुखतो."

यांचा खरा. आपला खोटा. खोटा होताच, पण तो खोटा आहे हे नवऱ्यानं परक्या बाईसमोर सांगावं? काकू उठल्या आणि दाणदाण निघाल्या. पुढचा चढ नागमोडी होता. डोळ्यांत पाणी आलं होतं, त्यामुळे पहिली दोन वळणं त्यांना दिसलीच नाहीत. तिसऱ्या वळणावर झाडं एकदम बाजूला झाली, वारा आला, आणि खाली सगळं गाव. डेपोचं पत्र्याचं छप्पर, ग्रंथालयाचा मनोरा, आपली गल्लीसुद्धा, चिंधीएवढी. इतकी वर्षं त्या गल्लीत मान खाली घालून टीप मारली आणि डोक्यावर हे असं होतं, फुकट, कुणाचंही. काकूंना एवढं बरं वाटलं, की लगोलग पोटात दुखलं. हे सगळं हा माणूस दर रविवारी बघत होता. घरी येऊन एकदाही म्हणाला नाही, की चल, तुला दाखवतो.

तिथून खालचं वळण नीट दिसत होतं. काका एका दगडावर बसले होते, इकडे पाठ करून, टोपी हातात, डोकं खाली. नाडी बांधत असणार. आणि बाई? बाई शेजारी उभ्या राहून बुटात गेलेला खडा काढत होत्या. बूट हातात, एक पाय वर, आणि सगळा भार दुसऱ्या पायावर. कशालाही न टेकता, बगळ्यासारख्या स्थिर. ज्या पायावर त्या उभ्या होत्या तोच तो दुखरा.

माणूस कुठल्या पायावर भार टाकतो हे बघितल्याशिवाय विजारीचं माप घेता येत नाही. काकूंनी डोळे पुसून परत पाहिलं. बाईंनी बूट चढवला, काका उठले, आणि बाई पुन्हा लंगडायला लागल्या.

"ढोंगी!" काकू एकट्याच जंगलात ओरडल्या.

माथ्यावर लाकडी बाकं होती आणि एका टेबलावर चहाची मोठी किटली. शेपूट पोचलं तशी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कारण शेपूट आलं म्हणजे सगळे आले. काका हसले, हात हलवला आणि कडेच्या बाकावर बसले. काकूंनी बाईंचं मनगट धरलं आणि त्यांना सरळ पाण्याच्या टाकीमागे नेलं. आता तोंडात टाचण्या नव्हत्या.

"तुमच्या गुडघ्याला काहीएक झालेलं नाही."

"हळू बोला, काकू. त्यांना ऐकू जाईल."

"जाऊ दे की! चांगली धडधाकट बाई, माझ्या नवऱ्याला नादी लावून…"

"हो, बरा आहे गुडघा," बाई म्हणाल्या. "कधीच बरा झालाय."

एवढ्या पटकन कबुली मिळेल असं काकूंना वाटलं नव्हतं. 

"बरा झाला तेव्हा मी आनंदानं भराभर पुढे गेले होते," बाई सांगू लागल्या. "वळून बघते तर काका दगडावर बसलेले, ओठ पांढरे, हात छातीवर. मी धावत मागे आले. म्हणाले, काही नाही, नाडी सुटली होती. काकू, त्यांच्या बुटांना नाडी नाहीच आहे."

नव्हतीच. चिकटपट्टीचे बूट होते ते. काकूंनीच आणून दिले होते, वाकायला नको म्हणून. बाईंनी दुकानात नाडी म्हटलं तेव्हाही ते काकूंच्या ध्यानात आलं नव्हतं. त्या तेव्हा टोपीच्या दोऱ्यावरून जळत होत्या.

"चढ आला की धाप लागते त्यांना. वर्ष झालं असेल. शेपूट व्हायला ते आपणहून तयार झाले, कारण शेपटाला कुणी हळू म्हणत नाही. पण मागे कुणी हळू चालणारं उरलं नाही तर त्यांना थांबायला कारण काय? म्हणून मी गुडघा धरला. मी थांबते, ते बसतात. मी तिकडे बघत नाही. त्यांना वाटतं ते मला सांभाळतायत."

काकू टाकीला टेकल्या.

"मी दोनदा म्हटलं, डॉक्टरांना दाखवा. दुसऱ्यांदा म्हटलं तर पुढच्या रविवारी आलेच नाहीत. मग मी तो विषय सोडला. विजार काय, कुठेही आखूड करून मिळाली असती. तुम्हाला सांगायलाच आले होते मी. तुम्ही टाचणी टोचलीत आणि माझा धीर गेला."

नवऱ्याच्या आजाराची बातमी ऐकून बायकोला आधी काळजी वाटावी, आणि काकूंना ती वाटलीच.  पण खरं सांगायचं तर काळजीच्या आधी, अगदी क्षणभर आधी, पुन्हा तोच हेवा वाटला, आणि या वेळी तो सगळ्यांत जास्त झोंबला. दुसरीला आधी कळलं. एका छपराखाली झोपणाऱ्या बाईला जे दिसलं नाही ते हिला एका वळणावरून दिसलं. प्रेमप्रकरण असतं तर निदान झिंज्या उपटता आल्या असत्या. हिच्या काय उपटणार? हिनं तर आपलं काम केलं होतं, आपण करायला हवं होतं ते.

आणि आपण काय करत होतो? गेलं वर्षभर बाजारातून येताना काकांची मान घामानं थबथबलेली असायची. काकू बघत होत्या ती मान. उन्हाचा घाम म्हणाल्या होत्या. हा माणूस मागे वळत नाही, किती तोरा, म्हणाल्या होत्या. वळला असता तर चेहरा दिसला असता. आणि काकू त्याच्या टाचेवर टाच देत, धुसफुसत, त्याला पळवत होत्या.

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. रडायला घरी जागा होती.

"काय म्हणालात, डॉक्टरचं नाव काढलं की पळतो?"

"हो."

"तो पळणारच. ताप आला तर थर्मामीटर बिघडलाय म्हणणारा माणूस आहे तो." काकूंचा आवाज हळूहळू जागेवर येत होता. "तुम्ही त्याला थांबवलंत. उपकार झाले. पण दवाखान्यात त्याला मी नेणार. आणि हे बघा, आजपासून तुमचा गुडघा बरा झाला. निघा. खाली पोचेपर्यंत मागे वळून बघायचं नाही."

बाईंना हसू आलं, आणि डोळेही भरले. त्यांनी काकूंचा हात दाबला आणि उतारावरून त्या निघाल्या, मोकळ्या, लांब टांगा टाकत. किती छान चालत होत्या! विजार तर काय सुरेख बसली होती! वर्षभर ही बाई अशी चालू शकत होती आणि चालली नव्हती, हे काकूंना दिसलं, आणि त्याचाही त्यांना हेवा वाटला.

परतीची वाट नव्या टप्प्यावरून होती. उताराच्या मधे एक छोटासा चढ होता, पुढे गेलेली पोरं तो धावत चढून गेली होती. काका चढाच्या पायथ्याशी क्षणभर थबकले, मग छाती पुढे काढून पुढे झाले. बायको मागे होती ना! पाय उचलत होते जुन्या सवयीनं, एक्स्प्रेससारखे. काकूंचे पायही त्यांच्यामागे निघाले होते. काकूंनी त्यांना जागच्या जागी रोवलं. आयुष्यात इतकं कठीण काम त्यांनी केलं नव्हतं.

"अहो," त्या म्हणाल्या. "थांबा. मला चालवत नाही."

"पुन्हा पाय?" काका न वळता म्हणाले.

"पाय नाही. छातीत कसंतरी होतंय. धाप लागते."

काका वळले. तोंड पांढरं पडलं होतं, ओठ कोरडे होते, पण ते विसरून ते आले, तीन-चार ढांगांत खाली आले, आणि काकूंचा दंड धरून त्यांना कडेच्या दगडावर बसवलं. शेजारी स्वतः बसले. दोघांचाही श्वास ऐकू येत होता, म्हणजे खरं तर एकाचाच. काकूंनी समोरच्या झुडपाचं एक पान तोडलं आणि त्या ते बघत बसल्या. त्यांच्या धाकट्या बहिणीला कुणी सांगितलं असतं, की तुझी ताई इतका वेळ पान बघत बसली, तर तिचा विश्वास बसला नसता.

"उद्या डॉक्टरांकडे जाईन म्हणते," काकू पानाला म्हणाल्या. "एकटीला भीती वाटते."

"एकटी कशाला? मी आहे ना."

"नुसतं बाहेर बसू नका. तुम्हीपण तपासून घ्या माझ्यासोबत. म्हणजे मला धीर येईल."

"मला काय झालंय?" काका घाईघाईनं म्हणाले. मग त्यांनी काकूंचा हात आपल्या हातात घेतला, नाडी बघतात तसा, चुकीच्या जागी. "तुला कधीपासून होतंय हे?"

"झालं असेल वर्ष."

"वर्ष?" काकांचा आवाज चढला. इतका, की वर गेलेल्या पोरांनी वळून पाहिलं. "वर्षभर धाप लागतेय, आणि मला एका शब्दानं बोलली नाहीस? लपवून ठेवलंस? अगं, मी कोण लागतो तुझा?"

 काकूंच्या हातातून पान पडलं तरी त्या तिकडेच बघत राहिल्या. काका आणखी काहीतरी बोलणार होते. तोंड उघडलं त्यांनी, आणि ते तसंच राहिलं. आपलेच शब्द त्यांना उशिरानं ऐकू आले असावेत. हातातला हात मात्र त्यांनी सोडला नाही, उलट जरा घट्टच धरला.

"मलाही दाखवायचंय," ते म्हणाले.

"बरं," काकू म्हणाल्या. "बसा आता. पुढे कुणी थांबलेलं नाही आपल्यासाठी."